नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी

कोथरूडहून एका आईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. तो समलिंगी आहे आणि घरी ते सर्वांना माहीत आहे. खराडीतील एका कंपनीत त्याची इंटर्नशिप चालू असून तेथील दोघे जण त्याच्या चालण्याची नक्कल करतात आणि त्याने डबा उघडला की 'वहिनी, आज काय बेत?' असे विचारतात. नोकरीही तिथेच मिळण्याची शक्यता आहे. अशा वेळी कायदा त्याच्या पाठीशी आहे का, की त्याने गप्प बसावे, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

कायदा आहे, पण आपल्या मुलाच्या बाबतीत तो अपुरा आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले; मात्र खासगी कंपनीने लैंगिक कलावरून भेदभाव करू नये, असे थेट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. संविधानातील समानतेचे हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात. अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांना २०१० मध्ये त्यांच्या खासगी आयुष्यावरून निलंबित केले गेले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ते विद्यापीठ केंद्रीय होते, म्हणून ही वाट त्यांना खुली होती. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा असून तो खासगी आस्थापनांनाही नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली मात्र तक्रार फक्त स्त्रीच करू शकते.

तरीही एक दार आज उघडे आहे. आपला मुलगा अजून विद्यार्थी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत 'परिसर' या शब्दाच्या व्याख्येत इंटर्नशिपची जागाही येते आणि पुरुष विद्यार्थ्यांचाही लैंगिक छळ होऊ शकतो, हे त्यांत मान्य केलेले आहे. म्हणून पहिला लेखी अर्ज महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे द्यावा आणि त्याची प्रत प्लेसमेंट अधिकाऱ्यांना द्यावी. अर्जात 'मला त्रास होतो' एवढेच लिहून भागणार नाही. तारीख, वेळ, नेमके उच्चारलेले शब्द आणि तेव्हा टेबलावर कोण कोण बसले होते, हे सर्व यायला हवे. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही आले असेल, तर ग्रुप सोडण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. कोणी 'घरी सांगू का?' असे धमकावून पैसे मागितले, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालील खंडणी ठरते. आपल्या घरी ही धमकी बोथटच आहे म्हणा.

आता नोकरीविषयी. खासगी नोकरीत त्याचा खरा आधार कंपनीची स्वतःची आचारसंहिता हाच असेल. नियुक्तिपत्रासोबत ती मागून घ्यावी आणि भेदभावाच्या कलमात 'जात, धर्म, लिंग' यांच्यापुढे 'लैंगिक कल' हे शब्द आहेत का, तसेच पुरुष कर्मचाऱ्याची छळाची तक्रार कोण ऐकते, हे पाहावे. एचआरला हे विचारताना स्वतःविषयी काहीही सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ते शब्द नसतील, तर पगार चांगला असला तरी मी दुसरीकडे मुलाखती चालू ठेवायला सांगेन.

इंटर्नशिप रागाच्या भरात सोडू नये. मार्गदर्शक बदलून देण्याची विनंती ईमेलने करावी, म्हणजे तिची नोंद राहील आणि प्रमाणपत्रही अडकणार नाही.