काळ्या मातीला कोणता होल कटर?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : हिरवळ आणि मैदान

प्रश्न : नाशिकच्या पुढे आमचं नऊ होलचं जुनं गोल्फ मैदान आहे. ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) काळ्या मातीवरच उठवलेल्या, गवत टिफड्वार्फ. ग्रीनमध्ये होल कापायचा, टी आकाराच्या दांड्याचा जुना कप कटर पार झिजला. समितीपुढे तीन पर्याय आहेत : लिव्हरचा परदेशी कटर, हातोड्याने ठोकायचा कटर, किंवा अंबडच्या एमआयडीसीतून पाईपचा बनवून घेणं. तिसरा सगळ्यांत स्वस्त, त्यामुळे बहुतेकांचा कल तिकडे. आमचा माळी मात्र लिव्हरवर अडून बसलाय. शिवाय होलची जागा बदलून त्यातला कप (प्लास्टिकचं भांडं) नव्या जागी बसवला की आठवड्याभरात जुन्या जागेभोवती तपकिरी कडं उमटतं. ते कटरमुळे का?
(मैदान पर्यवेक्षक, नाशिक जिल्हा)

उत्तर : पाईपचा विषय आधी संपवू, कारण समितीचं मन तिथे अडकलंय. होलचा व्यास नियमाने सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. बाजारातल्या चार इंची जीआय पाईपचा बाहेरचा व्यास भरतो ११४ च्या आसपास. ‘चार इंची’ हे नळकामाचं नाव आहे, माप नव्हे. लेथवर उतरवून १०८ करायचा म्हटला तर सगळीकडून ३ मिलिमीटर काढावे लागतील. मध्यम जाडीच्या पाईपची भिंत असते साडेचार मिलिमीटरची. उरली दीड. एवढ्या पातळ नळ्यावर माणसाने वजन टाकलं की तो गोल राहत नाही, आणि साध्या पोलादाला धारही टिकत नाही. वर्कशॉपवाला कारागीर उत्तम असेल, पण दोष मालाचा आहे. कुणी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा कप म्हणून बसवायला सुचवलं तर तेही नको. कपाचा बाहेरचा व्यास सव्वाचार इंचापेक्षा जास्त चालत नाही.

पाईपचा मोह आपल्यालाच पडतो असं नाही. स्कॉटलंडमध्ये मसलबराच्या क्लबाने १८२९ साली बनवून घेतलेला कटर अजून जपून ठेवलाय. त्याचं माप तिथल्या सांडपाण्याच्या पाईपवरून आलं, अशी दंतकथा सांगतात. खरं-खोटं कोण जाणे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने हे माप १८९१ मध्ये सगळ्यांसाठी ठरवून दिलं. गंमत अशी की ज्या साली मसलबरात तो कटर घडला त्याच साली कलकत्त्यात गोल्फ क्लब सुरू झाला. तेव्हा समितीत कुणी ‘हे परदेशी लाड’ म्हणालं, तर सांगा, हा लाड आपल्याकडे दोनशे वर्षांचा होत आलाय.

आता माळी. त्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं, पण लिव्हरच का हवा हे त्याला विचारलंत का? मी अशा मैदानांवर काम केलंय, त्यामुळे तो काय सांगेल याचा अंदाज आहे. काळी माती ओली असली की प्लग, म्हणजे नवीन होल कापताना निघणारा गवतासकट मातीचा गोळा, नळ्यात घट्ट चिकटतो. टी-दांड्याच्या कटरमधून तो काढायचा म्हणजे कटर आपटायचा, नाहीतर बोटांनी खालून ढकलायचा. दोन्हीत प्लगची कड मोडते आणि मोडका प्लग जुन्या होलमध्ये बसवावा लागतो. लिव्हरच्या कटरमध्ये आत एक सपाट तबकडी असते. लिव्हर ओढला की ती प्लगला एकसारखी खाली सरकवते. वाळूच्या ग्रीनवर ही सोय असली तर बरी. तुमच्या मातीत ती हवीच.

ठोकायचा कटर लोक उन्हाळ्यासाठी मागतात. एप्रिल-मेमध्ये काळी माती दगड होते, तिच्यात पायाच्या दाबाने काही शिरत नाही, म्हणून हातोडा. माझ्या मते हा पाण्याचा प्रश्न लोखंडाने सोडवायचा प्रकार आहे. ज्या जागी उद्या होल कापायचं तिथे आदल्या संध्याकाळी झारीभर पाणी मुरवलं तर लिव्हरचा कटर सकाळी आरामात उतरतो. ठोकताना नळा तिरका जाण्याचीही भीती असते, आणि तिरक्या होलमध्ये झेंड्याची काठी कलंडलेली दिसते. सभासद ते शंभर पावलांवरून ओळखतात. ग्रीनखाली मुरूम किंवा खडी वर आलेली असेल तर मात्र ठोकायचाच घ्या. एखाद्या ठिकाणी सळई खुपसून बघा, कळेल.

कॅटलॉग बघताना एका गोष्टीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही : धारेचा उतार नळ्याच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या. उतार ज्या बाजूला, त्या बाजूची माती दाबली जाते. आतून उतार असेल तर प्लग दाबला जातो, होलची भिंत आणि कड स्वच्छ राहते. बाहेरून उतार असेल तर प्लग जसाच्या तसा निघतो, पण भोवतालची माती रेटली जाऊन कड वारुळाच्या तोंडासारखी किंचित वर येते. वाळूच्या ग्रीनला मी आतला उतार घेईन, कारण दाबलेला प्लग नळ्यातून सुटून पडत नाही. यूएसजीएच्या (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या) पद्धतीने खडीवर १२ इंच वाळूचा थर टाकून बांधलेल्या ग्रीनवर खरी डोकेदुखी प्लग सुटून पडण्याचीच असते. तुमच्या चिकणमातीला उलट. आधीच चिकटणारा प्लग दाबलात तर लिव्हरही रडेल. तुम्ही बाहेरचा उतार घ्या आणि वर आलेली कड कापून झाल्यावर तळहाताने हलकेच बसवा.

धार सरळ की नागमोडी? टिफड्वार्फ ही हरळीचीच संकरित जात, जमिनीलगत दाट वीण घालणारी. नागमोडी धार अर्धा वळसा फिरवली की ती वीण कापते. सरळ धार नुसती दाबली तर धागे ओढले जातात. तुम्ही नागमोडी घ्या. पण फिरवायचं फक्त वरच्या दोन-तीन इंचांत, गवत आणि मुळांचा थर कापेपर्यंत. त्याखाली सरळ दाब द्या. ओली चिकणमाती नळा फिरवून कापली की भिंत गुळगुळीत घोटली जाते, आणि घोटलेल्या भिंतीत मुळं शिरत नाहीत.

तुमच्या तपकिरी कड्याचं एक कारण इथेच असणार. दुसरं कारण माप. नवीन होलचा प्लग जुन्या होलमध्ये जातो, आणि नळ्याच्या जाडीएवढा तो मुळातच बारीक असतो. त्यात तुमचा कटर झिजलेला. फटीत हवा शिरते, कडेची मुळं सुकतात, कडं दिसतं. म्हणून प्लग बसवण्याआधी जुन्या होलची भिंत काट्याने खरवडा. प्लग बसल्यावर तोच काटा बाहेरून तिरका घालून भोवतालची माती आत रेटा, फट बुजेपर्यंत. मग पाणी, आणि वरून तळव्याचा दाब. उन्हाळ्यात पुढचे काही दिवस त्या जागेला दुपारी बाटलीने पाणी द्यायला सांगा. प्लगची मुळं तुटलेली असतात, स्प्रिंकलरवर त्याचं भागत नाही.

उंचीबाबत माळ्याला कडक राहू द्या. ग्रीनवरचं गवत ३-४ मिलिमीटरवर कापलं जातं. तिथे प्लग २ मिलिमीटर वर राहिला तर मशीन तो खरवडून काढतं, खाली राहिला तर चेंडू वळतो. प्लग एकदाच ठोकून बसत नाही. तो काढून खाली माती कमीजास्त करत दोन-तीनदा बसवावा लागतो. प्रत्येक प्लग सारख्या लांबीचा निघाला तर हे काम निम्म्यावर येतं. त्यासाठी कटरला खोलीची खूण किंवा अडसर हवा, तो आहे की नाही हे मागवतानाच विचारा. कप साधारण सहा इंच उंच आणि वर एक इंच मोकळी भिंत, म्हणजे सात इंच.

मागवताना नळा वेगळा सुटा मिळतो का तेही बघा. पार एड, स्टँडर्ड गोल्फ अशा अमेरिकी कंपन्या नळे सुटे विकतात. एक जादा नळा सुरुवातीलाच घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांचे कटर एकाच मैदानावर वापरू नका, एकाचा प्लग दुसऱ्याच्या होलमध्ये नीट बसत नाही. धार लावायची ती बारीक कानशीने, मूळ उताराच्या बाजूनेच. ग्राइंडरवर धरून कड निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरलं म्हणून समजा.

आणि अंबडच्या वर्कशॉपला काम द्याच. कप उपसायचा आकडा सळईचा उत्तम होतो. मधे गोल भोक पाडलेली जाड प्लायवूडची फळी करून घ्या. तिच्यावर उभं राहून कापलं की पावलांचे खड्डे पडत नाहीत आणि होलची कडही उचलली जात नाही. समितीला वाचलेले पैसे दाखवायला एवढं पुरे.

प्रश्न : मी आठवड्यातून एकदा खेळणारा. आमच्या मैदानावर सरळ होलमध्ये गेलेला चेंडू कपाच्या कडेला आपटून बाहेर येतो. माळी म्हणतो, तुम्ही जोरात मारता.
(वाचक, पनवेल)

उत्तर : कदाचित मारतही असाल. पण एकदा खिशात पट्टी घेऊन जा. कपाची वरची कड ग्रीनच्या पृष्ठभागापासून निदान एक इंच खाली हवी, माती फारच ढासळणारी असेल तरच त्याहून वर चालते. कप उथळ बसवला की चेंडू मऊ मातीऐवजी प्लास्टिकच्या कडेवर आदळतो आणि उसळतो. पावसाळ्यात आणखी एक होतं : कपाखाली गाळ साचतो, माळी तो न काढता कप पुन्हा दाबतो, आणि दर वेळी कप थोडा थोडा वर येत राहतो. पट्टीवर इंच भरला नाही तर माळ्याशी वाद घालू नका. क्लबाला कप सेटर घ्यायला सांगा. तो कपावर ठेवून पायाने दाबला की कप बरोब्बर एक इंचावर जाऊन थांबतो. इंच भरला, तर माळ्याचं बरोबर आहे.