पावसाळाभर टेरेसवर झाकून ठेवलेला गॅस ग्रिल परत लावायच्या आधी काय काय चेक करायचं?

खारघरच्या पावसात चार महिने कव्हरखाली पडलेला ग्रिल म्हणजे थोडा गंज असणारच, वरवरचा असेल तर टेन्शन नको, खरं लक्ष नळी आणि बर्नरकडे द्या. नळी वाकवून बघा, चिरा दिसल्या किंवा उंदराने कुरतडली असेल तर टेप-बिप लावत बसू नका, सरळ नवीन आयएसआय मार्कची आणा. मग ग्रिलचे नॉब बंद ठेवून सिलेंडर चालू करायचा आणि नळीला, रेग्युलेटरच्या जॉइंटला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की लीक, लगेच बंद (काडी पेटवून चेक करणारे महाभाग अजून आहेत, हात जोडले!).

बर्नरची ट्यूब काढून आतून ब्रश फिरवाच, कोळी तिथे जाळी करतात, मग हवा नीट मिसळत नाही, ज्योत पिवळी येते, कधी कधी तर आग उलटी नॉबच्या बाजूला पेटते.

पेटवताना झाकण उघडंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, आत साचून राहतो. पेटल्यावर झाकण लावून 15 मिनिटं फुल्लवर रिकामा तापवा, जाळी घासा, ब्रशची तार तिला चिकटली नाही ना बघा. मध्येच गॅसचा वास आला तर सिलेंडर बंद करून 1906 ला (गॅस लीकची इमर्जन्सी हेल्पलाइन) फोन.