2010 च्या विश्वचषकात लॅम्पार्डचा तो गोल दिला असता, तर इंग्लंड जर्मनीला हरवू शकले असते का?

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. गोल न देणे ही चूक होती का, आणि त्या चुकीमुळेच इंग्लंड हरले का? पहिल्याला माझे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. दुसऱ्याला मी 'होय' म्हणणार नाही, आणि तो सामना मी अनेकदा पुन्हा पाहिल्यावरही माझे हे मत बदललेले नाही.

27 जून 2010, रविवार. दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे अंतिम 16 संघांच्या फेरीतला हा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू झाला. 20 व्या मिनिटाला जर्मनीचा गोलरक्षक मान्युएल नॉयर याने मारलेली लांब गोलकिक थेट इंग्लंडच्या बचावफळीच्या मागे गेली आणि मिरोस्लाव्ह क्लोजाने पहिला गोल केला. विश्वचषकाच्या बाद फेरीत एका सरळ गोलकिकवर गोल खाणे, हे इंग्लंडच्या बचावाचे त्या दिवशीचे नेमके वर्णन होते. 32 व्या मिनिटाला पोडोल्स्कीने दुसरा गोल केला. 37 व्या मिनिटाला जेरार्डच्या क्रॉसवर अपसनने हेडरने एक गोल फेडला, आणि पुढच्याच मिनिटाला फ्रँक लॅम्पार्डने पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून उंच फटका मारला. चेंडू नॉयरच्या डोक्यावरून गेला, आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागला, गोलरेषेच्या स्पष्टपणे आत टप्पा पडला आणि फिरकीमुळे पुन्हा बाहेर आला. नॉयरने तो झटकन उचलून खेळ पुढे चालू केला. इंग्लंडचे प्रशिक्षक फाबिओ कापेलो यांचा तोपर्यंत जल्लोष सुरू झाला होता, आणि लॅम्पार्ड डोक्याला हात लावून उभा होता.

बरेच जण 'पंचांनी गोल नाकारला' असे म्हणतात. काटेकोरपणे पाहिले, तर गोल झाल्याचे मैदानावरील पंचांपैकी कोणी मान्यच केले नव्हते. शिट्टी वाजली नाही, झेंडा हलला नाही आणि खेळ थांबलाही नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण येथे नियमाचा चुकीचा अर्थ लावला गेला नव्हता, जे घडले ते दिसलेच नव्हते. मुख्य पंच उरुग्वेचे होर्हे लारिओंडा होते आणि त्या बाजूच्या रेषेवर त्यांचेच देशबांधव मौरिसिओ एस्पिनोसा सहायक पंच होते. या दोघांवर जगभरातून जी आगपाखड झाली, ती मला तेव्हाही पटली नव्हती.

मी स्वतः काही वर्षे शालेय सामन्यांत झेंडा हातात घेऊन रेषेवर उभा राहिलो आहे, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. सहायक पंचाला ऑफसाइड (म्हणजे आक्रमक खेळाडू बचावफळीच्या पुढे जाऊन उभा आहे का, हे) पाहण्यासाठी बचावातील शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या सरळ रेषेत राहावे लागते. फटका पेनल्टी क्षेत्राबाहेरून आला, की त्या क्षणी त्याची जागा गोलरेषेपासून कितीतरी मीटर अलीकडे असते, आणि चेंडू मात्र सेकंदभरात गोलपाशी पोहोचतो. कितीही चपळ माणूस एवढ्या वेळात गोलरेषेच्या समोर येऊन उभा राहू शकत नाही. तिरप्या कोनातून त्याला 22 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू 12 सेंटिमीटर रुंदीची रेषा पूर्ण ओलांडून गेला की नाही, हे सांगायचे असते. नियमाप्रमाणे संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे, आणि खात्री नसेल तर सहायकाने गोलाची खूण करायची नसते. मलाही एका सामन्यात असाच प्रसंग आला होता; दांड्याला लागून चेंडू खाली आला, गोलरक्षकाच्या पायांमागे लपला, आणि मला दिसली ती फक्त उडालेली माती. मी झेंडा खालीच ठेवला. तो निर्णय बरोबर होता की चूक, हे मला आजही माहीत नाही.

ब्लूमफाँटेनमध्ये मात्र टीव्हीवर आम्हा सगळ्यांना सत्य काही सेकंदांत कळले होते. रेषा आणि चेंडू यांच्यामधली हिरवळ स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसत होती. ज्यांना निर्णय घ्यायचा होता, त्या माणसांनाच ते चित्र पाहण्याची मुभा नव्हती, आणि माझा खरा राग या व्यवस्थेवर आहे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला, म्हणजे चेंडूने रेषा ओलांडली का हे यंत्राने ओळखण्याला, नकार दिला होता. नॉयरने पुढे कबूल केले, की चेंडू आत गेल्याचे त्याच्या लक्षात आले होते आणि त्याने इतक्या पटकन खेळ पुढे नेल्यामुळे पंच फसले.

आता दुसरा प्रश्न. मध्यंतराला 2-1 ऐवजी 2-2 असते, तर इंग्लंडला उत्तरार्धात इतके पुढे येऊन खेळावे लागले नसते, हा युक्तिवाद मी मान्य करतो. 67 व्या मिनिटाचा गोल आठवा: लॅम्पार्डची फ्री किक जर्मन खेळाडूंच्या भिंतीवर आदळली आणि तिथूनच निघालेल्या प्रतिहल्ल्यात थॉमस म्युलरने गोल केला. तीनच मिनिटांनी ओझिलने इंग्लंडच्या गॅरेथ बॅरीला धावण्यात सहज मागे टाकले आणि म्युलरने चौथा गोल चढवला. पण इंग्लंडच्या बचावाला त्या जर्मन संघाचा वेग झेपत नव्हता, हे पहिल्या अर्ध्या तासातच दिसले होते, आणि पुढच्या फेरीत त्याच संघाने अर्जेंटिनाला 4-0 ने हरवले. बरोबरी झाली असती तर सामना चुरशीचा झाला असता. इंग्लंड जिंकले असते, असे म्हणायला मला तरी आधार दिसत नाही.

जर्मनीत या प्रसंगाकडे 1966 च्या विश्वचषकातील वेम्बलीच्या इंग्लंड-पश्चिम जर्मनी अंतिम सामन्याची परतफेड म्हणून पाहिले गेले. तेव्हा जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका असाच दांड्याला लागून खाली आला होता, आणि सोव्हिएत संघाचे लाइन्समन (रेषेवरील सहायक पंच) तोफिक बहरामोव्ह यांनी गोल झाल्याचे सांगितले होते. परतफेडीची ही भाषा मला रुचत नाही, कारण 1966 मध्ये शंका होती आणि 2010 मध्ये ती नव्हती.

सामन्यानंतर दोन दिवसांनी जागतिक फुटबॉल संघटना फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी इंग्लंडची माफी मागितली. तरीही तंत्रज्ञानाला मान्यता मिळायला जुलै 2012 उजाडले, आणि त्याआधी युरो 2012 या युरोपीय देशांच्या स्पर्धेत युक्रेनच्या देविचचा रेषा ओलांडलेला चेंडू इंग्लंडच्या जॉन टेरीने बाहेर मारला तेव्हा गोलजवळ उभ्या केलेल्या जादा पंचालाही तो दिसला नाही. त्या वेळी फायदा इंग्लंडचा झाला. 2014 च्या ब्राझीलमधील विश्वचषकात फ्रान्स-होंडुरास सामन्यात अशा यंत्रणेच्या आधारे विश्वचषकाच्या इतिहासात पहिल्यांदा गोल दिला गेला. आता चेंडू आत गेला की पंचाच्या मनगटावरील घड्याळाला सेकंदभरात सूचना मिळते.