‘फील्डवरून खाली आला की बघू’

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा सैन्यात नायब सुभेदार, बावीस वर्षं नोकरी, सध्या फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा सीमेकडच्या तैनातीवर. मागच्या पीस पोस्टिंगच्या, म्हणजे कुटुंबासह राहता येतं अशा तैनातीच्या, वेळी ताई मुलांच्या शाळेपायी गावीच राहिल्या आणि तिकडे एका हवालदाराच्या बायकोशी याचे संबंध जुळले. २०२३ च्या दिवाळीत तो सुट्टीवर आला तेव्हा ताईंनी त्याच्या मोबाईलवरचे मेसेज वाचले. तो फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून स्वतःच्या फोनने एकेका मेसेजचा फोटो काढला. मग दोन्हीकडची वडीलधारी बसली, त्याने देव्हाऱ्यापुढे शपथ घेतली आणि सगळ्यांनी प्रकरण मिटलं असं धरलं. गेल्या वर्षीपासून घरी पैसे यायचे बंद झालेत. पोलीस ठाण्यात ‘हा आता गुन्हाच राहिला नाही’ म्हणून परत पाठवलं. भावाने युनिटला एक पत्र टाकलं, त्याखाली कोणाची सही नाही. आता ताई विचारतात, ‘तो फील्डवरून खाली आला की केस करा असं सगळे म्हणतात. तोवर थांबू का?’

ताई, थांबायचं काम तुम्ही आधीच भरपूर केलंय. सैनिकांच्या घरांतून येणाऱ्या निम्म्याअधिक पत्रांत हेच वाक्य असतं, ‘फील्डवरून खाली आला की बघू’, आणि ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

पोलिसांनी सांगितलं ते त्यांच्यापुरतं खरं आहे. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं, नव्या भारतीय न्याय संहितेतही ते नाही. पण लष्करात हा विषय संपलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की २०१८ च्या निकालाचा सैन्यदलांच्या कायद्यांशी संबंध नाही. सहकाऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या जेसीओवर (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, नायब सुभेदार त्यातच येतो) आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ४५ खाली, म्हणजे पदाला न शोभणाऱ्या वर्तनासाठी, किंवा शिस्तभंगाच्या कलम ६३ खाली आजही कारवाई होऊ शकते. कलम ४५ खाली दोषी ठरलेला जेसीओ बडतर्फ होऊ शकतो.

आता ज्यावर सगळं अडलंय ते कलम १२२. कोर्ट मार्शलचा, म्हणजे लष्करी न्यायालयातला, खटला तीन वर्षांच्या आत सुरू व्हावा लागतो. नीट वाचा, खटला सुरू व्हावा लागतो. तक्रार दिली, चौकशी लागली, एवढ्याने भागत नाही. तक्रारीनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे लष्कराची चौकशी, मग कमांडिंग ऑफिसरसमोर सुनावणी, मग पुराव्यांची नोंद, मग वरिष्ठांची मंजुरी, आणि त्यानंतर कुठे कोर्ट मार्शल बसतं. हे सगळं त्या तीन वर्षांतच बसवायचं. मुदत मोजायची गुन्ह्याच्या तारखेपासून; आणि गुन्हा तेव्हा माहीत नसेल तर पीडित व्यक्तीला किंवा कारवाईचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला तो ज्या दिवशी कळला त्या दिवसापासून, दोघांपैकी ज्याला आधी कळला त्याच्यापासून. पीडित म्हणून तुम्हाला धरलं तर २०२६ च्या दिवाळीला तीन वर्षं भरतात.

फील्ड पोस्टिंगमुळे ही मुदत वाढत नाही. वगळायचा काळ कायद्याने मोजून दिलाय: आरोपी युद्धकैदी असेल, शत्रूच्या मुलुखात असेल किंवा गुन्ह्यानंतर अटक चुकवत फिरत असेल तेवढाच. आपल्याच हद्दीतल्या चौकीवर ड्युटी करणारा माणूस यात कुठेच बसत नाही. ‘खाली आला की’ म्हणणाऱ्यांनी तुमची तीन वर्षं त्याच्या पदरात टाकली.

तुम्हाला कोणीतरी सुचवलंय की अर्जात ‘मला हे आत्ताच कळलं’ असं लिहा. तसं लिहू नका. ओट्यावर काढलेल्या त्या प्रत्येक फोटोत तारीख आणि वेळ साठवलेली आहे. तेच फोटो तुमचा पुरावा आहेत, आणि तुम्हाला कधी कळलं हेही तेच सांगतात. शिवाय त्या बैठकीला दोन्ही घरची आठ-दहा माणसं होती. त्यातला एकजण खरं बोलला की तुमचा सगळा अर्ज खोटा ठरेल, पोटगीचासुद्धा.

इथून पुढे मी ठामपणे बोलणार नाही. या गुन्ह्यात कायद्याच्या दृष्टीने पीडित कोण, तुम्ही की तो हवालदार, यावर वाद होऊ शकतो. हवालदाराला काहीच माहीत नसेल आणि युनिटलाही नसेल, तर मुदत अजून सुरूच झालेली नाही असं म्हणता येईल. भावाच्या त्या बिनसहीच्या पत्राने युनिटला ‘कळलं’ का, हाही प्रश्नच आहे. निनावी पत्रावर सहसा कोणी हालचाल करत नाही, पण ते आवक नोंदवहीत चढलेलं असतं, आणि पुढे तुमच्या नवऱ्याचा वकील नेमकी तीच नोंद काढून दाखवेल. सही न करायची हुशारी कोणाची होती कोण जाणे. संबंध अजूनही चालू असतील तर नव्या घटनेची मुदत वेगळी मोजता येईल, पण त्यासाठी नव्या घटनेचा पुरावा लागेल. मुदत गेली तरी दार पूर्ण बंद होत नाही. अधिकाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हरजित सिंग संधू प्रकरणात म्हटलंय की कोर्ट मार्शलची मुदत संपल्यावरही प्रशासकीय मार्गाने सेवा संपवता येते. जेसीओंसाठी आर्मी ॲक्टचं कलम २० आहे आणि तिथेही हाच युक्तिवाद करता येईल. तो मान्य होईलच असं लिहून देत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य: ‘त्याची नोकरी घालवायची आहे.’ राग समजतो. पण बडतर्फ झालेल्या माणसाचं पेन्शन साधारणपणे जातं, अपवाद फार थोडे. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला पेन्शन मिळायला हवं, त्यातूनच तुमची आणि मुलांची पोटगी यायची आहे, आणि त्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन तुम्हालाच मिळायचं आहे. ज्या फांदीवर घर बांधायचंय ती तोडण्याआधी शांतपणे ठरवा. सासरच्यांना विचारून नव्हे, स्वतः ठरवा. तक्रार करूच नका असं मी म्हणत नाही. पण पोटगी आणि वर्तणुकीची तक्रार हे दोन वेगळे अर्ज आहेत, आणि पहिला आज जायला हवा.

पोटगीसाठी कोर्टाच्या आधी लष्कराचाच रस्ता आहे. आर्मी ॲक्टच्या कलम ९१ खाली जेसीओ आणि जवानांच्या पगारातून बायको-मुलांच्या निर्वाहासाठी रक्कम कापता येते. लष्करी आदेशांप्रमाणे बायकोसाठी पगाराच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या नावाने, ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर, स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, द्या. खाली तुमची पूर्ण सही हवी. सोबत लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पैसे कधीपासून आले नाहीत हे दाखवणाऱ्या बँक पासबुकाच्या पानांच्या प्रती. मसुदा जमत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अशा कामात ते मदत करतात. नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाईल, तो उत्तर देईल, मग वरून मंजुरी येईल. महिने लागतात, पण वकिलाची फी लागत नाही.

त्याच आठवड्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या १२५ खाली, कोर्टातही अर्ज लावा. तुम्ही राहता तिथल्या कोर्टात तो चालतो. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे थांबून घालवलेला प्रत्येक महिना तुमच्या खिशातून गेला. लष्कराकडून काही रक्कम सुरू झाली तर ती कोर्टात सांगा, न्यायाधीश ती धरूनच आकडा ठरवतील.

आपल्याकडे वेळ कुठे जातो तेही सांगते. नोटीस गावच्या पत्त्यावर निघते. बेलीफ ‘सदर इसम घरी मिळून आला नाही’ असा शेरा मारून ती परत आणतो आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी पडते. असे वर्ष-वर्ष जाताना पाहिलेत. सैनिकाची नोटीस त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत पाठवायची असते. वकिलाला पहिल्याच तारखेला तसा अर्ज द्यायला लावा आणि युनिटचा पत्ता स्वतः लिहून न्या. तो फील्डमध्ये आहे म्हणून सगळी प्रकरणं थांबतात असं कोणी म्हणालं, तर १९२५ च्या इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्टबद्दल बोलताहेत असं समजा. तो दिवाणी आणि महसुली दाव्यांसाठी आहे, तोही कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र आल्यावर. पोटगीच्या अर्जाविरुद्ध त्याची ढाल करू दिली तर चूक तुमच्या वकिलाची.

कोर्टाचा आदेश हातात आला की त्याची प्रमाणित प्रत युनिटला पाठवा. आर्मी ॲक्टच्या कलम २८ मुळे दिवाणी कोर्टाला सैनिकाचा पगार थेट जप्त करता येत नाही, म्हणून वसुली लष्करामार्फत करणंच सोपं पडतं. आणि घटस्फोटाच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून दीर घेऊन आला तरी. लग्न टिकून आहे तोवरच कुटुंब निवृत्तिवेतनावर तुमचा हक्क आहे.

शेवटी विचारलंत, त्या हवालदाराला फोन करून सांगू का? अजिबात नको. तोही ड्युटीवर आहे, हातात हत्यार आहे, आणि अशा फोननंतर काय होईल याची हमी कोणी देणार नाही. शिवाय उद्या फोनवर काय बोललात यावरच वाद होईल. वर्तणुकीची तक्रार करायची ठरवलीत तर त्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव आणि खऱ्या तारखा अर्जातच कमांडिंग ऑफिसरला लेखी कळवा. त्याला कधी आणि कसं सांगायचं ते युनिट पाहील. ज्या फोनने फोटो काढलेत तो विकू नका, रीसेट करू नका. पुरावा म्हणून प्रमाणपत्र देताना तो लागेल.