दोन वर्षांनी स्तन परत बनवून घेता येतो का?

"मॅडम, आता या वयात हे शोभतं का?" असं बायका विचारतात, पण मनात खरी भीती दुसरीच असते, की उशीर झाला असेल, किंवा नवीन स्तनाखाली कॅन्सर लपून बसला तर कळणार कसं.

सातारा भागातल्या एक ताई, वय ४६ (ओळख बदललीय). कॅन्सरमुळे डावा स्तन पूर्ण काढलेला, केमो झाली, शेकही (रेडिएशन) झाला, त्याला आता दोन वर्षं झाली. ब्लाउजमध्ये नॅपकिनची घडी घालून वावरायच्या, भाचीच्या हळदीत वाकताना ती घडी सरकली आणि तेव्हापासून कुठल्याच कार्याला गेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात जीव वाचला ना, मग झालं. मला हे अजिबात पटत नाही, वाचलेला जीव घेऊन चार माणसांत जायचंही असतं ना!

तर उशीर वगैरे काही नसतो, स्तन काढतानाच बनवता येतो तसा काही वर्षांनीही येतो. त्याने कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढत नाही, फक्त फॉलोअप चुकवायचा नाही. एक पर्याय सिलिकॉन इम्प्लांटचा, ऑपरेशन लहान, पण शेक घेतलेल्या जागी ते आवळून कडक होण्याचा धोका जास्त, शिवाय ते जन्मभर टिकेलच असं नाही. म्हणून शेकानंतर बऱ्याचदा पोटाची किंवा पाठीची स्वतःची कातडी-चरबी वापरायचा सल्ला देतात. पोटाचं ऑपरेशन मोठं असतं, कित्येक तास चालतं, पोटावर आडवा व्रण राहतो, आणि आकार आला तरी पूर्वीसारखी संवेदना बहुतेक येत नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगते.

आणि हो, मिश्री! ताई रोज लावायच्या. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि छातीवर बसवलेल्या कातडी-चरबीला रक्त कमी पडलं तर तो भाग मरूही शकतो, त्यामुळे मिश्री काही आठवडे आधीच बंद करावी लागते.

काहीच करायचं नाही, सपाट छातीनेच राहायचं, हाही पूर्ण योग्य निर्णय आहे बरं का. ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा पॅड मिळतो, सुती धाग्याने विणलेलाही मिळतो.

ताईंनी सध्या पॅड घेतलाय, मिश्री सोडलीय, ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. प्लास्टिक सर्जनला विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर लिहून काढले, त्यातला पहिलाच त्यांचा, पाण्याची कळशी परत कधी उचलता येईल?