कोड कोणाचा? पैसे देणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा?

प्रश्न : ताई, मी बी.सी.ए. करून गावातच राहतो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तूर-सोयाबीन खरेदीचा प्रोग्राम मी लिहिला. काट्यावरचं वजन टाकलं की बारदाना, हमाली, मॉइश्चरची कटती वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी निघते. मोबाईलचा भाग मामेभावाने लिहिला. तेव्हा तो कॉलेजात होता, आता पुण्यात नोकरीला आहे. थर्मल प्रिंटरवर मराठी छापायचा कोड मी नेटवरच्या एका खुल्या प्रोजेक्टमधून उचलला. त्याला जीपीएल ३ लायसन्स आहे. कंपनीने मला एकरकमी पैसे दिले, लेखी काही नाही. आता नागपूरचे एक व्यापारी म्हणतात, सारे हक्क आमच्या नावे करून द्या, आणि कोड कोणालाच दाखवायचा नाही. संचालक म्हणतात, पैसे आम्ही दिले, विकायचं तर आम्ही विकू. खरं कोणाचं?
– एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, आधी संचालकांचं पाहू, कारण हा वाद मला आमच्या हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यांकडे बिलिंग बसवताना दर हंगामात ऐकू येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा पहिला मालक लिहिणारा असतो. कलम १७ प्रमाणे मालक बदलतो तो नोकरीत. पगारावर असताना, नोकरीचं काम म्हणून लिहिलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क नोकरी देणाऱ्याचा. तुम्ही पगारी नव्हता, काम अंगावर घेतलं होतं. मक्त्याने शेत वाहिलं म्हणून सातबाऱ्यावर मालकाच्या जागी नाव लागत नाही, तसंच हे. कंपनीला प्रोग्राम वापरायचा हक्क आहेच, पैसे त्याचेच दिले. विकायचा हक्क मात्र लेखी सहीशिवाय जात नाही. कलम १९ तसं स्पष्ट सांगतं. वर त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘सर्व हक्क दिले’ एवढी एक ओळ लिहून स्टॅम्पपेपर खिशात घालणारे शेठ पाहिले की मला हसू येतं.

पण म्हणून सारं तुमचं, असंही नाही. मोबाईलचा भाग मामेभावाचा. तेव्हा तो कोणाच्या नोकरीत नव्हता, म्हणजे पुण्याच्या कंपनीचाही त्यावर दावा नाही. पोळ्याला गावी आला की एका कागदावर सही घ्या : कोणता भाग, कोणाला, किती मुदतीसाठी, मोबदला किती. घरचाच माणूस आहे म्हणून तोंडी ठेवू नका, घरच्यांतच बिनसतं.

आता खरी मेख, प्रिंटरची. तो कोड तुम्ही का उचलला ते मला ठाऊक आहे. स्वस्तातल्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात. ‘शेतकऱ्याचे नाव’ पाठवलं की कागदावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. म्हणून आधी ओळ संगणकातच जुळवायची, जोडाक्षरं नीट बसवायची, आणि मग तिचं काळं-पांढरं चित्र करून प्रिंटरला द्यायचं. कोणीतरी हे किचकट काम करून वाटलं, आणि जीपीएल लायसन्स लावून अट घातली : माझ्या कोडवर उभा केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याला सोर्सही, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ कोडही द्या आणि हीच मोकळीकही द्या.

तो भाग तुमच्या प्रोग्राममध्ये मिसळलेला आहे असं धरून सांगते. कंपनी आपल्या गोदामात वापरते, तिने गावभर कोड दाखवत फिरायचं कारण नाही. व्यापाऱ्यालाही पैसे घेऊन खुशाल द्या, जीपीएलला विक्रीचं वावडं नाही. पण त्याला सोर्स द्यावा लागेल, आणि ‘पुढे कोणाला देऊ नका’ असं तुम्ही त्याला किंवा तो पुढच्याला बजावू शकत नाही. स्वतःपुरतं वापरून तो गप्प बसला, तर त्याची मर्जी. ‘सारे हक्क’ मात्र मिळणार नाहीत. प्रिंटरचा भाग तुमचा नाहीच, तर देणार कुठून?

त्याला बंद कोडच हवा असेल तर मूळ लेखकाला मेल टाका, वेगळं लायसन्स विकत द्याल का म्हणून. तो एकटाच मालक असेल तर त्याला हे करता येतं. त्या प्रोजेक्टमध्ये दहा हात लागले असतील तर दहाही जणांचा होकार लागतो. व्हीएलसी प्लेअर तुमच्या मोबाईलवर असेलच. त्याचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या जरा सैल अटींच्या लायसन्सवर न्यायचं ठरलं तेव्हा, २०११-१२ च्या सुमारास, त्या मंडळींना जुने-नवे कोड लिहिणारे शोधून एकेकाची संमती गोळा करावी लागली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, तर हजारो मालक आहेत, आणि ते आजही जुन्या जीपीएल २ वरच आहे.

नाहीतर तो भाग नव्याने लिहा. चित्र करून छापायची युक्ती कोणाच्या मालकीची नाही, ओळी मालकीच्या आहेत. फक्त जुनी फाइल शेजारी उघडून नावं बदलत बसू नका. शक्यतो ती कधी न पाहिलेल्या माणसाकडून लिहून घ्या. याच न्यायाने, सोयाबीनचं मॉइश्चर १२ टक्क्यांवर गेलं की कटती कशी धरायची, या हिशेबावर तुमचाही हक्क नाही. उद्या आर्वीच्या कोणी तसाच प्रोग्राम स्वतः लिहिला तर रागावू नका.

आणि आजच ती प्रिंटरची फाइल उघडा. अगदी वर लेखकाचं नाव, वर्ष आणि लायसन्सच्या ओळी असतात. उचलताना पुसल्या असतील तर परत टाका. पहिलीच चूक असेल आणि नोटीस आल्यापासून ३० दिवसांत सुधारलीत, तर जीपीएल ३ मध्ये हक्क परत मिळतात.

प्रश्न : एका मुलाने पावसाच्या नोंदींचा छान कोड नेटवर टाकला आहे, पण लायसन्स काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे घ्यायला मोकळा ना?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. काही लिहिलं नाही म्हणजे सारे हक्क त्याचे. कायद्याने नोंदणीचीही गरज नाही, लिहिल्याक्षणी हक्क लागतो. त्याला दोन ओळी लिहा आणि एमआयटी लायसन्स लावतोस का विचारा. त्यात त्याचं नाव आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं.