राजीनामा मीच टाईप केला, मग आता भांडू कशी?

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींचा हाच प्रश्न असतो. एकीचं सांगते, ओळखीच्या खुणा बदलल्यात. लोअर परेलला अकाउंट्समध्ये होती, पाचवा महिना. ऑफिसात गुड न्यूज सांगितली आणि हळूहळू हातातली कामं ज्युनिअरकडे गेली, मग एचआरने केबिनमध्ये बसवलं, की मॅडम तुम्हीच पेपर टाका, एक्सपिरियन्स लेटर छान देऊ, नाहीतर परफॉर्मन्सवर काढावं लागेल. हिने घाबरून तिथल्या तिथे "वैयक्तिक कारणास्तव" असा मेल टाकला. घरी नवरा म्हणे सोड ना, नाहीतरी बाळ येतंयच, सासूबाई तर खूशच.

राजीनामा दिला म्हणजे हक्क संपला, असं नसतं हो. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा कोर्ट कामावरून काढल्यासारखा धरू शकतं, पण जबरदस्ती सिद्ध आपल्याला करावी लागते आणि ते "वैयक्तिक कारण" तिथे फार महागात पडतं. नुसतं बॉस खडूस आहे, मन लागत नव्हतं, एवढ्यावर केस उभी राहत नाही, हेही मी तोंडावर सांगते.

हिचं नशीब की नोटीस पिरियड चालू होता आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल आला नव्हता. म्हणून वकिलाला दाखवून आधी राजीनामा मागे घ्यायचा मेल केला, त्यात कोण होतं, कधी, काय बोलले ते सगळं साधं सरळ लिहिलं. 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वीकारण्याआधी मागे घेतलेला राजीनामा ग्राह्य धरला होता. प्रायव्हेटमध्ये अपॉइंटमेंट लेटरच्या अटीही बघाव्या लागतात, म्हणून वकील. शिवाय डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळते, आणि गरोदर असताना काढून टाकलं, तरी गंभीर गैरवर्तन सोडलं तर ते पैसे बुडत नाहीत. हे तिला माहीतच नव्हतं!

कंपनीने कुरकुरत राजीनामा रद्द केला, रजा दिली. आता ती दुसरीकडे जॉब बघतेय, त्या केबिनसमोर परत बसायचं नाही म्हणते, आणि मला ते पटतं.

ज्यांचा लास्ट डे होऊन गेलाय त्यांनी मुंबईत बीकेसीच्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन विचारा, तक्रारीला मुदत असते, उगाच महिने घालवू नका. ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, तेव्हा आपल्याशी झालेलं बोलणं आधीच जपून ठेवा. आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडताना होणाऱ्या शेवटच्या हिशोबाच्या कागदावर "आता काही मागणं नाही" अशी ओळ असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.